बाटलीवरचं लेबल वाचायला शिकवताना : नववी-दहावीच्या नव्या विज्ञान शिक्षकांसाठी

रासायनिक सुरक्षेचा तास बहुतेक शाळांत एकाच पद्धतीने होतो. भिंतीवर तक्ता टांगायचा, चिन्हं वाचून दाखवायची, वहीत काढायला लावायची आणि चाचणीत ‘हे चिन्ह कशाचे?’ असा एका गुणाचा प्रश्न टाकायचा. मुलं कवटी ओळखतात, ज्योत ओळखतात आणि गुणही मिळवतात. त्यांच्याच हाती संहत हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली आली, की झाकण काढून नाक लावून वास घेतात. चिन्ह माहीत होतं, पण त्यातून स्वतःसाठी काही ठरवायचं असतं हे कुणी शिकवलेलं नव्हतं.

म्हणून या लेखातल्या प्रत्येक पायरीच्या शेवटी मुलाने एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे: ‘हे वाचलं, मग आता मी काय करणार?’ उत्तर कृतीत आलं तरच वाचन झालं असं समजा. ‘हे ज्वालाग्राही आहे’ हे अपुरं उत्तर. ‘हे ओतताना शेजारच्या टेबलावरचा स्पिरिटचा दिवा विझवायला सांगेन’ हे पुरं.

सुरुवात आपल्या कपाटापासून

मुलांना लेबल वाचायला सांगण्याआधी आपल्या बाटल्यांवर वाचण्याजोगं लेबल हवं. एक दुपार प्रयोगशाळा सहायकांबरोबर बसा. आम्लांच्या वाफेने अक्षरं खाल्लेली असतात, पावसाळ्यात कागद सुटलेले असतात, मार्करने लिहिलेलं पुसलेलं असतं. आत काय आहे हे खात्रीने सांगता येत नाही अशी बाटली निघाली, तर वास घेऊन किंवा थेंब टाकून ओळखायचा प्रयत्न करू नका आणि ती बेसिनमध्येही ओतू नका. वेगळी ठेवा, ‘अज्ञात – वापरू नये’ अशी चिठ्ठी लावा आणि मुख्याध्यापकांना लेखी कळवा.

शाळेत बनवलेल्या द्रावणांची लेबलं सर्वांत दुबळी असतात. नुसतं ‘एचसीएल’ असं लिहिलेल्या बाटलीत विरल द्रावण आहे की संहत, हे बघणाऱ्याला कसं कळावं? द्रावणाचं नाव, तीव्रता, बनवल्याची तारीख, बनवणाऱ्याची सही आणि धोक्याचं चिन्ह, एवढं प्रत्येक बाटलीवर असावं.

रसायनं इंग्रजी वर्णक्रमाने लावलेली असतील तर तीही मांडणी बदला. त्या क्रमाने ॲसिटिक आम्ल आणि अमोनियम नायट्रेट एकाच फळीवर येतात. पहिलं पेट घेणारं, दुसरं आगीला बळ देणारं.

आम्लांबाबत कायद्याची बाजूही माहीत असू द्या. ॲसिड हल्ल्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली विक्रीवर बंधनं घातली, तेव्हा आम्ल बाळगणाऱ्या शैक्षणिक संस्थांनाही वापराची नोंदवही ठेवायला आणि साठ्यासाठी एक जबाबदार व्यक्ती नेमायला सांगितलं. तुमच्या शाळेत ती नोंदवही कुठे आहे आणि ती व्यक्ती कोण, हे रुजू झाल्यावर लगेच विचारून घ्या.

माहितीपत्रकं जमवा

प्रत्येक रसायनाबरोबर उत्पादकाने एक सुरक्षा माहितीपत्रक द्यायचं असतं. त्याला एसडीएस म्हणतात. जुने लोक अजून एमएसडीएस म्हणतात. बाटलीवरच्या कंपनीच्या संकेतस्थळावर ते सहसा फुकट मिळतं. शोधताना नावाबरोबर कॅस क्रमांक टाका. हा क्रमांक पदार्थागणिक ठरलेला असतो, सल्फ्युरिक आम्लाचा ७६६४-९३-९. व्यापारी नाव बदललं तरी तो बदलत नाही, म्हणून चुकीचं पत्रक हाती येण्याची शक्यता कमी होते.

सगळ्या कपाटाची पत्रकं पहिल्याच वर्षी जमवायच्या फंदात पडू नका. नववी-दहावीच्या प्रयोगांत प्रत्यक्ष लागणारी आठ-दहा रसायनं पुरेत: हायड्रोक्लोरिक आणि सल्फ्युरिक आम्ल, सोडिअम हायड्रॉक्साइड, मोरचूद, पोटॅशिअम परमँगनेट, स्पिरिट, ॲसिटिक आम्ल, अशी. आणि आवर्जून एक पत्रक साध्या मिठाचं, म्हणजे सोडिअम क्लोराइडचं घ्या. ते का, ते पुढे येईल.

पहिला तास: नऊ चिन्हं

लाल कडेच्या, टोकावर उभ्या चौकोनातली ही नऊ चिन्हं संयुक्त राष्ट्रांच्या ‘जीएचएस’ या, रसायनांचे धोके जगभर एकसारखे दाखवण्याच्या पद्धतीतली आहेत. तिची पहिली आवृत्ती २००३ साली निघाली. नारिंगी चौकोनातली काळी चित्रं ही त्याआधीच्या युरोपीय पद्धतीतली. जुन्या साठ्यात तीही सापडतात, म्हणून दोन्ही दाखवा.

तक्ता मात्र शेवटी. आधी मुलांना घरातल्या डब्या-बाटल्यांच्या लेबलांचे फोटो आणायला सांगा: टॉयलेट क्लीनर, ब्लीच, सॅनिटायझर, डासांचा स्प्रे, नेलपॉलिश रिमूव्हर. फक्त फोटो. वस्तू आणायची नाही, रिकामा डबासुद्धा नाही, आणि कीटकनाशकाचा तर मुळीच नाही. ही सूचना पालकांच्या गटावरही टाका. आपल्याकडे घरगुती वस्तूंवर ही चिन्हं दरवेळी असतातच असं नाही. चिन्ह नसलं तर बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते मुलांनी शोधावं. भिंग लागलं तर भिंग द्या.

नऊपैकी बॉम्ब, सिलिंडर आणि मेलेला मासा मुलांना लगेच कळतात. तिथे थांबू नका. हात आणि धातू खाणाऱ्या द्रवाचं चिन्हही चित्र बघूनच समजतं. घोटाळा होतो तो दोन ठिकाणी, आणि वेळ तिथे खर्च करायचा.

पहिला घोटाळा ज्योतीचा. नुसती ज्योत म्हणजे पदार्थ स्वतः पेट घेतो. वर्तुळावरची ज्योत म्हणजे पदार्थ ऑक्सिडीकारक आहे. तो स्वतः जळेलच असं नाही, पण दुसऱ्याची आग भडकवतो. पोटॅशिअम परमँगनेटवर हे दुसरं चिन्ह असतं. मुलांना विचारा: ही दोन चिन्हं असलेले डबे एका फळीवर ठेवायचे का? कागदावर कपाटाचा आराखडा देऊन रसायनं मांडायला लावा. वाद होऊ द्या, अर्धा तास गेला तरी चालेल.

दुसरा घोटाळा माणसाच्या शरीराविषयीच्या तीन चिन्हांचा: कवटी, उद्गारचिन्ह आणि छातीवर तारा फुटलेला माणूस. कवटीचं विष थोड्या मात्रेत आणि लवकर अपाय करतं. उद्गारचिन्हात त्वचेची जळजळ, डोळ्यांची आग, गुंगी असे तुलनेने सौम्य परिणाम येतात. छातीवरच्या ताऱ्याची मुलांना भीती वाटत नाही, आणि खरी अडचण इथेच आहे. हे चिन्ह कर्करोग, जनुकांतले बदल, प्रजननावरचे परिणाम, श्वसनाची ॲलर्जी, अवयवांची हानी अशा गोष्टींसाठी असतं. त्यातल्या बऱ्याच वर्षांनंतर दिसतात. प्रयोग झाल्यावर ‘मला तर काहीच झालं नाही’ म्हणणाऱ्या मुलाला हे चिन्ह कळलेलं नाही.

दुसरा तास: चिन्हाशेजारचे शब्द

लेबलवर एक संकेतशब्द असतो, ‘डेंजर’ किंवा ‘वॉर्निंग’. यातला ‘डेंजर’ अधिक गंभीर. मराठी माध्यमाच्या मुलांना हे दोन शब्द इंग्रजी लिपीत ओळखता आले पाहिजेत, कारण बाटलीवर ते तसेच येणार.

त्याखाली ठरावीक वाक्यं असतात, क्रमांकासह. ‘एच’ने सुरू होणारी धोका सांगतात. २००च्या मालिकेतली आग-स्फोटाची, ३००ची आरोग्याची, ४००ची पर्यावरणाची. ‘पी’ने सुरू होणारी काळजी सांगतात. २०० प्रतिबंधाची, ३०० काही घडल्यावर काय करायचं याची, ४०० साठवणीची, ५०० विल्हेवाटीची. क्रमांक पाठ करायला सांगू नका. मालिका कळली की पुरे, बाकीचं शोधता येतं.

चांगला सराव म्हणजे जोड्या लावणं. एच ३१४ म्हणजे त्वचा गंभीर भाजते, डोळ्यांना इजा होते. त्यासमोर पी २८०: हातमोजे, सुरक्षा चष्मा वापरा. एच २२५ म्हणजे द्रव आणि त्याची वाफ अतिज्वालाग्राही. त्यासमोर पी २१०: उष्णता, ठिणगी, ज्योत यांपासून दूर. एका बाजूला धोक्याच्या चिठ्ठ्या, दुसऱ्या बाजूला काळजीच्या; गटांनी जुळवायच्या आणि ‘या धोक्याला हीच काळजी का?’ हे बोलून दाखवायचं. वाफसुद्धा पेटते हे लक्षात आलं, की बाटलीचं झाकण लगेच का लावायचं हे मुलं स्वतः सांगतात.

तिसरा तास: नाव तेच, धोका वेगळा

माझ्या मते सगळ्यांत मोलाचा तास हा. यासाठी ॲसिटिक आम्ल घ्या. स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरमध्ये ते चार-पाच टक्के असतं आणि आपण ते सॅलडवर घालतो. प्रयोगशाळेतलं ग्लेशियल ॲसिटिक आम्ल जवळपास शंभर टक्के. त्याच्या लेबलवर त्वचा जाळणाऱ्या द्रवाचं चिन्ह आहे आणि ज्योतीचंही. दोन्ही लेबलं शेजारी ठेवा आणि मुलांना बघू द्या.

मग हायड्रोक्लोरिक आम्ल. युरोपच्या वर्गीकरणात २५ टक्के आणि त्यावरच्या द्रावणाला दाहकाचं, म्हणजे हात आणि धातू खाणाऱ्या द्रवाचं चिन्ह, १० ते २५ टक्क्यांना उद्गारचिन्ह. सोडिअम हायड्रॉक्साइडची मर्यादा कितीतरी खाली आहे. अवघ्या २ टक्क्यांपासून ते दाहक ठरतं आणि अर्ध्या टक्क्यापासून क्षोभक, म्हणजे जळजळ करणारं. आम्लाला घाबरणारी मुलं आम्लारी मात्र बिनधास्त हाताळतात. हे आकडे फळ्यावर लिहा, फार बोलायची गरज पडत नाही. डोळ्यात गेलेलं सोडिअम हायड्रॉक्साइड ऊतींत खोलवर शिरतं, हे मात्र स्पष्ट शब्दांत सांगा.

इथेच धोका आणि जोखीम यांतला फरक येतो. बंद बाटलीतल्या संहत सल्फ्युरिक आम्लाचा धोका कायम आहे, पण ती कुलूपबंद कपाटात खालच्या फळीवर असेल तर जोखीम थोडी. तेच आम्ल वरच्या फळीवर, ढिल्या बुचाने ठेवलं तर धोका तेवढाच राहून जोखीम वाढली. तीव्रता, प्रमाण, हाताळणारा आणि जागा यांवर जोखीम बदलते. विरल आम्ल बनवताना आम्ल पाण्यात हळूहळू घालायचं, पाणी आम्लात कधीच नाही, हा जुना नियम मुलांना आता नव्याने कळेल.

पत्रक वाचायचं कसं

एसडीएसमध्ये १६ विभाग असतात आणि क्रम जगभर तोच. मुलांना सगळे वाचायला लावलंत तर ती कंटाळतील, आणि त्यात त्यांची चूक नाही. पाच विभाग शिकवा: २ (धोके), ४ (प्रथमोपचार), ७ (हाताळणी व साठवण), ८ (चष्मा, हातमोजे वगैरे), १० (स्थिरता आणि कशाबरोबर मिसळू नये). गटाला एक पत्रक आणि तीन प्रश्न द्या. उदाहरणार्थ, डोळ्यात उडालं तर? कशाशेजारी ठेवायचं नाही? कोणतं संरक्षण घालायचं? उत्तराबरोबर विभागाचा क्रमांकही लिहायचा. दुसऱ्या दिवशी वेळ लावा. एका मिनिटात प्रथमोपचार सापडला पाहिजे, कारण गरज पडेल तेव्हा तेवढाच वेळ असतो.

पत्रकं इंग्रजी असतात, शब्द अवघड असतात. भाषांतराचं काम मुलांकडूनच करून घ्या. प्रत्येक रसायनाचं एक पानी मराठी पत्रक बनवून, तुम्ही तपासून, कपाटाच्या दारावर आतून लावा.

आता मिठाचं पत्रक. त्यालाही १६ विभाग आहेत, डोळ्यात गेल्यास धुण्याची सूचना आहे, काही कंपन्या सुरक्षा चष्माही सुचवतात. पण विभाग २ मध्ये धोक्याचं वर्गीकरण नाही. हे पत्रक सल्फ्युरिक आम्लाच्या पत्रकाशेजारी ठेवलं, की कोणता मजकूर सगळीकडे छापला जातो आणि कोणता खास त्या पदार्थासाठी आहे, हे मुलांना कळतं. सगळ्यालाच भ्यायला शिकवलं तर खरा धोका गर्दीत हरवतो.

घरासाठी विभाग १० विसरू नका. अनेक टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, ब्लीचमध्ये सोडिअम हायपोक्लोराइट. ‘दोन्ही घातलं की जास्त स्वच्छ’ या समजुतीने बंद न्हाणीघरात क्लोरिन वायू तयार होतो. ब्लीचिंग पावडर तुम्ही नववीत शिकवताच. तिलाही आम्लाशेजारी जागा नाही, हे त्याच तासाला सांगून टाका.

ज्वालामुखीचा प्रश्न

विज्ञान प्रदर्शनात अमोनियम डायक्रोमेटचा ज्वालामुखी अजून दिसतो. नारिंगी ढिगाऱ्याला काडी लावली, की ठिणग्या आणि हिरवी राख. टाळ्या हमखास. वर्गाला तो करून दाखवू नका, त्याचं पत्रक द्या. विभाग २ मध्ये ऑक्सिडीकारक, श्वासावाटे प्राणघातक, दाहक, कर्करोगकारक, प्रजननास घातक, जलचरांना अतिविषारी, अशी यादीच निघते. मग विचारा: शाळेच्या सभागृहात, पहिलीतली मुलं पुढच्या रांगेत बसलेली असताना, हा प्रयोग करावा का? उडणाऱ्या राखेत न जळलेलं डायक्रोमेट असू शकतं, हे कुणी ना कुणी स्वतःहून म्हणेल. मुलांनी पत्रक वाचून ‘करायचा नाही’ असा निर्णय घेणं आणि शिक्षकाने मनाई करणं, यांत फार मोठं अंतर आहे. पर्याय म्हणून खायचा सोडा आणि व्हिनेगर आहेच.

शेतातलं लेबल

ग्रामीण शाळेत हा भाग आधी घेतलात तरी चालेल. कीटकनाशकांवर आपल्याकडे वेगळी पद्धत आहे. १९७१च्या कीटकनाशक नियमांनुसार डब्यावर टोकावर उभा चौकोन असतो आणि त्याच्या खालच्या त्रिकोणाचा रंग विषारीपणा सांगतो. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. मुलांना लाल कळतो. हिरव्याचं काय? खाण्याच्या पाकिटावरचा हिरवा ठिपका त्यांच्या डोळ्यांत इतका बसलेला असतो, की हिरवा त्रिकोण म्हणजे चालतंय, असा अर्थ ती लावतात. हिरवा म्हणजे चौघांत कमी विषारी. हातमोजे, तोंडावर मास्क, वाऱ्याची दिशा आणि फवारणीनंतरची अंघोळ हे सगळं त्यालाही लागू आहे.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना अनेक शेतकऱ्यांना आणि शेतमजुरांना विषबाधा झाली, कित्येकांचे जीव गेले. डब्यासोबतच्या माहितीपत्रकात विषबाधेची लक्षणं, प्रथमोपचार आणि उतारा छापलेला असतो. अक्षर मात्र इतकं बारीक, की शेतात उभ्याने वाचवत नाही. मुलांना डब्याच्या फोटोवरून तो मजकूर मोठ्या अक्षरात उतरवून घरी भिंतीवर लावायला द्या. दवाखान्यात जाताना डबा किंवा लेबलचा फोटो बरोबर न्यायचा, हे त्यात सर्वांत वर लिहा.

एक गोष्ट मनापासून सांगते. किती प्यायल्यास काय होतं, किती मात्रा घातक, ही चर्चा वर्गात करू नका. आपल्या गावांत कीटकनाशकाने माणूस गमावलेलं घर वर्गातल्याच कुणाचं असू शकतं. बोलणं संरक्षणावर आणि उपचारावर ठेवा. एखादं मूल गप्प झालं किंवा उठून गेलं, तर तास संपल्यावर एकट्याने भेटा.

रस्त्यावरचा फलक

औद्योगिक पट्ट्यातल्या शाळांनी (तारापूर, रसायनी, लोटे, डोंबिवली) टँकरच्या मागचा फलकही शिकवावा. डोंबिवलीच्या एमआयडीसीत मे २०१६ आणि मे २०२४ मध्ये मोठे स्फोट झाले, तिथल्या मुलांना हा विषय दूरचा वाटत नाही. फलकावर चार अंकी यूएन क्रमांक, म्हणजे आत कोणता घातक माल आहे हे सांगणारा क्रमांक असतो: पेट्रोलचा १२०३, एलपीजीचा १०७५, क्लोरिनचा १०१७. शेजारी अग्निशमन दलासाठी संकेत आणि संपर्काचा क्रमांक. मुलांनी जवळ जायचं नाही. वारा जिकडून येतोय त्या बाजूला, लांब जायचं आणि ११२ वर फोन करताना दुरून दिसला असेल तर तो चार अंकी क्रमांक सांगायचा.

प्रयोगाआधीची चिठ्ठी

आता हे सगळं रोजच्या कामात आणा. प्रत्येक प्रात्यक्षिकाआधी गटाने पाच ओळींची चिठ्ठी भरायची: कोणती रसायनं आणि किती तीव्रतेची, मुख्य धोका, म्हणून आम्ही काय घालणार, सांडलं किंवा उडालं तर काय करणार, उरलेलं कुठे टाकणार. चिठ्ठी वाचून तुम्ही सही केल्याशिवाय रसायन मिळणार नाही. पहिले दोन-तीन आठवडे वेळ मोडतो. नंतर मुलं ती घरून भरून आणतात.

चौथी ओळ तपासताना नळ उघडून बघा. डोळ्यात आम्ल किंवा आम्लारी गेलं तर किमान १५ ते २० मिनिटं वाहत्या पाण्याने धुवावं लागतं, आणि एप्रिलमध्ये आपल्या कितीतरी शाळांच्या नळाला पाणी नसतं. झाकणाचं, स्वच्छ पाण्याने कायम भरलेलं पिंप आणि पाणी घ्यायला मग्गा प्रयोगशाळेत असावा. पाणी नसेल तर त्या दिवशी आम्लाचा प्रयोग पुढे ढकला. धुणं सुरू ठेवूनच १०८ला फोन. भाजलेल्या जागी उलट गुणाचं रसायन ओतायचं नाही, दाहक पदार्थ पोटात गेला असेल तर उलटी करवायची नाही. या दोन्ही गोष्टी मुलांनी मोठ्यांच्या तोंडून उलट ऐकलेल्या असतात, म्हणून दोनदा सांगा.

परीक्षा घ्यायची तर

‘चिन्ह ओळखा’ काढून टाका. त्याऐवजी प्रसंग द्या: ‘दुकानातून सुटं फिनेल आणि ॲसिड कोल्ड्रिंकच्या बाटल्यांत आणलंय. आजी घरी, धाकटा भाऊ तीन वर्षांचा. तू काय करशील?’ लेबल लावणं, उंचावर कुलपात ठेवणं, दोन्ही वेगळी ठेवणं, पुढच्या वेळी मूळ पॅकिंगमधलंच घेणं; यांतलं जे येईल त्याला गुण, आणि कारण दिलं तर जास्त. दुसरा प्रश्न अनोळखी रसायनाच्या खऱ्या लेबलचा द्या, पुस्तक उघडं ठेवून. शोधता येणं हेच तपासायचं आहे.

जूनमध्ये शाळा उघडली, की नववीच्या नव्या वर्गाकडून कपाटातली सगळी लेबलं तपासून घ्या. बाटल्यांना हात तुम्ही आणि सहायकांनी लावायचा. मुलांनी दुरून वाचायचं आणि जे वाचता आलं नाही त्याची यादी करायची. त्या यादीतल्या बाटल्यांना पहिल्या प्रात्यक्षिकाआधी नवी लेबलं लागली पाहिजेत.